आदेश पाच, नियम सतरा

उद्या साडेदहाला पेपर, आणि वडगावात
शेजारचे माग अजून थांबलेले नाहीत.
खट्‌ आदेश, खट्‌ नियम. खट्‌ आदेश, खट्‌ नियम.

कलम नऊ: दिवाणी स्वरूपाचा कुठलाही दावा
न्यायालय ऐकेल,
जोवर कुणी स्पष्ट मनाई केलेली नाही.
इतकं उदार वाक्य
आमच्या गल्लीत मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.
कलम अकरा: एकदा निकाल लागला की तोच वाद पुन्हा नाही.
हे आधी आईला शिकवायला हवं.
सोळा: जमीन जिथे, दावा तिथे.
दोन राज्यांमधला दावा मात्र थेट दिल्लीत;
"तो संविधानाच्या पेपराला," सर म्हणाले होते,
आणि खडू बदलला होता.

आप्पा उंबऱ्यावर बसून सायकलच्या चेनला तेल लावतात.
एकतीस वर्षं कोर्टात अमीन.
"आदेश पाच वाच गे," म्हणतात, "त्यात मी हाय."

खरंच आहेत.
प्रतिवादी सही करायला नकार देत असेल
तर समन्स घराच्या बाहेरच्या दाराला चिकटवावं,
आणि परत येऊन लिहावं:
कधी, कसं, घर कुणी दाखवलं, साक्षीला कोण होतं.
खळीबद्दल पुस्तकात काही नाही.
खळ आप्पा घरून न्यायचे, मैद्याची,
खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत.

"बेकिनकेऱ्यात एक बाई होती. चांगुणा बिर्जे.
कागद उलटा धरला तिनं.
म्हणाली, ह्यातलं एक अक्षर मला येत न्हाई,
तूच सांग गा काय लिवलंय.
मी म्हटलं, बारा तारीख हाय, कोर्टात जा.
सही कर म्हटलं तर हात पदरात घेतला.
मग काय. लावलं दाराला.
साक्षीला गिरणीवाला."

तेलाचं बोट चिंधीला पुसतात. मग तेच बोट पुन्हा पुसतात.

"बारा तारखेला ती आली न्हाई.
महिन्यानं त्याच वाटेनं गेलो, दुसऱ्याच कुणाचं समन्स होतं.
बघतो तर कागद तसाच दारावर,
पावसात भिजू नये म्हणून
तिनं वरनं प्लास्टिक ठोकलेलं.
चारी कोपऱ्यांना चार चुका."

मी पानं उलटते. आदेश नऊ, नियम सहा: एकतर्फी.
नियम तेरा: समन्स रीतसर बजावलं नसेल
तर हुकूमनामा रद्द करून मागता येतो.
मुदत तीस दिवस.
"रीतसर म्हंजे?"
"म्हणजे नियमाप्रमाणे."
"मग रीतसरच होतं," आप्पा म्हणतात,
आणि पायडल उलटं फिरवतात,
चेन नुसती फिरत राहते.

पेपर मी इंग्रजीत लिहिणार,
कोर्टात पुकारा कन्नडात होणार,
आणि किती गुण सुटले याची बेरीज
मी मनात मराठीतच करणार.
त्या बाईपाशी यातली एकच भाषा होती.
हे कुठल्या नियमाखाली येतं, मला सापडत नाही.

सापडतं ते कलम अठरा.
पाच वर्षांत एकदाच विचारलंय, मी सोडणार होते.
मालमत्ता दोन न्यायालयांपैकी नेमकी कुणाच्या हद्दीत
हेच नक्की नसेल,
तर त्यांतलं कुठलंही एक, शंकेला आधार आहे असं पटल्यावर,
ती अनिश्चितता नोंदवून घेईल
आणि काम पुढे चालवेल.

"परत वाच," आप्पा म्हणतात.
मी परत वाचते.
"नोंदवून घेईल," ते स्वतःशी म्हणतात,
चहात साखर आहे का बघावी तसं.

शेजारचा माग थांबतो. कानात अजून खट्‌ खट्‌ चालू.

"उत्तरात तिचं नाव घालता येतं काय गे?"
"नाही आप्पा. उदाहरणात अ आणि ब लिहायचं असतं."
ते सायकल भिंतीला टेकवतात,
तेलाची बाटली घट्ट बंद करतात.
"मग ब लिही.
पण प्लास्टिक ठोकलेलं लिही."