मीटरच्या पेटीत

पायसांदूला, नेलिदाच्या विजेच्या मीटरपेटीत
ऑक्टोबरच्या वसंतापासून मधमाश्या.
रीडिंगवाला फाटकातूनच परत फिरतो,
बिल येतं अंदाजे.

पहिल्या दिवशी तिने झाडू उगारला होता.
आता काळा स्वेटर घालत नाही,
त्यांच्या अंगावर श्वास सोडत नाही,
येण्याजाण्याच्या वाटेत उभी राहत नाही.
एवढं शिकायला चार डंख पुरले.
नवऱ्याच्या वेळी अकरा वर्षं लागली होती.

शनिवारी ओस्मार आला, उघड्या हातांनी.
नेलिदाच्याच केसांच्या कर्लरमध्ये
राणी ठेवली, दोन्ही तोंडं मेणाने बुजवली.
बाकीच्या आपसूक खोक्यात शिरल्या.

उशिरा परतलेल्या सात-आठ
पेटीपुढे घुटमळत राहिल्या.
तिने ओसरीवरचा दिवा लावला नाही.
पेटीला कान लावला :
आत नुसतं चाक फिरत होतं,
युनिटं मोजत.