अकरा मीटर

नकाशावर निळी रेघ महापालिकेच्या जलवाहिनीची,
शेळगीच्या पुढे, खाणीच्या वळणापर्यंत आलेली.
लाल रेघ ले-आउटच्या आतल्या नळांची,
बिल्डर शिवशरण कोनापुरेंच्या खर्चाने,
चार इंची, पावतीसकट.
निळी संपते आणि लाल सुरू होते
त्यांच्या मध्ये नखभर कागद कोरा आहे.
जमिनीवर तो अकरा मीटर भरतो.

मी विकास शुल्काच्या टेबलावर बसतो.
एकोणीस वर्षं. पैसे घेतो, शिक्का मारतो.
कोनापुरेंनी चौरस मीटरच्या दराने सगळं भरलं,
चेक वटला, हे मी शपथेवर सांगेन.
पुढचं विचारू नका.
पैसा मोठ्या रांजणात गेला,
आणि रांजणातल्या पाण्याला
तू कुठल्या घागरीतलं, असं विचारता येत नाही.
कुठल्या पुलाच्या कठड्याला लागला असेल,
नाहीतर माझ्याच दिवाळीच्या उचलीला.

कोनापुरे म्हणाले, दारापर्यंत आणणं तुमचं काम,
दाराच्या आतलं मी केलंय.
आमचे शेरीकर इंजिनिअर म्हणाले,
दार तुम्हीच अकरा मीटर आत ओढलंय, कमानीसाठी.
कमान खरंच झाली होती. गुलाबी. दोन हत्ती.
सोंडेतून पाणी पडेल असं माहितीपत्रकात होतं.

फाईल वर गेली, खाली आली,
एकदा पावसाळी अधिवेशनामुळे थांबली,
एकदा शेरीकरांच्या मुलीच्या लग्नामुळे.
तोवर बासष्ट घरांत माणसं राहायला आली,
टँकरमागे घागरी घेऊन धावू लागली.

मग एका मंगळवारी पोशम्मा म्याकल आली.
तंबाखूचा वास तिच्याआधी खिडकीत पोचला.
घरटी साडेतीनशे, एकवीस हजार सातशे,
नोटांचे पंचवीस-पंचवीसचे कट्टे
विडीसारखे दोऱ्याने बांधलेले.
म्हणाली, मालक मागावर हायेत माझे.
धागा तुटला की माग थांबतोय, साहेब.
आधी गाठ मारतेत,
धागा कुणाचा ते मग बघतेत.

मी संगणकावर शीर्ष शोधलं.
महापालिका होती. विकासक होता. शासन अनुदान होतं.
राहणारा माणूस कुठेच नव्हता.
शेवटी सगळ्यात खाली सापडलं, इतर.
पावती तिने उजेडाकडे धरली,
लेकीकडून वाचून घेतली, विचारलं,
इतर म्हंजे कोण?
म्हटलं, तुम्हीच.
ती हसली नाही.
पंधरा वर्षं विड्या वळल्या, म्हणाली,
कारखान्याच्या रजिस्टरात बी नाव हाय माझं.

काम दीड दिवसात झालं.
अकरा मीटर चर, दोन पाइप, एक जोड,
वर मुरूम टाकून धुमसाने ठोकलं.
दीड दिवस. मी पुन्हा पुन्हा मोजतो.
आता त्या मुरमाच्या अलीकडे एक फलक आहे,
प्रभाग निधीतून, असं लिहिलेला,
पलीकडे एक कोनापुरेंचा.
मधल्या जागेत कुणीतरी म्हैस बांधतं.

पाणी पाचव्या दिवशी येतं, रात्री सव्वादोनला,
माझ्या घरी येतं तसंच.
बासष्ट घरांत दिवे लागतात,
नीळ्ळू, नीळ्ळू, असं कुणी पोर ओरडतं,
आणि मोटारी एकमेकींचं पाणी ओढू लागतात.
हत्ती कोरडेच आहेत.
त्यांच्या पंपाचं बिल कोणी भरायचं
त्याची फाईल वेगळी.

मार्चमध्ये लेखापरीक्षक आले.
इतर, एकवीस हजार सातशे, यावर पेन्सिलीने गोल केला.
तपशील?
रकाना एका ओळीचा होता.
मी पोशम्मा म्याकलपासून सुरुवात केली,
खाली समासात उतरलो, मग पान उलटलं.
साहेबांनी घड्याळ पाहिलं.
अजून एकोणतीस नावं राहिली होती.