काकपद

मार्चच्या पहिल्या सोमवारी मिल्याराय
धक्क्यावर उभी होती आईच्या आड,
दप्तर तिच्याहून रुंद.
मी हात पुढे केला, तिने घेतला नाही.
उडी मारली, तोल गेला,
बटाट्यांच्या पोत्यावर आपटून बसली.
तेच मग वर्षभर तिचं आसन.

आमच्या बेटावर शाळा नाही.
समोरच्या बेटावर आहे: एक खोली, एक बाई,
अकरा मुलं, एक लोखंडी शेगडी.
प्रत्येकाने रोज एक लाकूड आणायचं.
ही आपलं लाकूड स्वेटरच्या आत धरून आणायची,
शिंतोडे स्वतः झेलायची.

एप्रिलभर मोजणी.
शिंपल्यांच्या शेतीचे काळे गोळे पाण्यावर तरंगतात,
ते मोजत जायची: सतरा, अठरा, एकोणीस,
तीस.
मग पुन्हा पहिल्यापासून.
मी काही बोललो नाही. इंजिनाच्या आवाजात
चुका कुणाला ऐकू येतात?

जूनमध्ये वारा सुटतो. रेडिओवर आरमाराचा माणूस
‘बंदर बंद’ म्हणाला की संपलं.
ती तरीही यायची, लाकूड घेऊन,
आणि समुद्राकडे बघायची,
जणू गृहपाठ त्याने केला नव्हता.

सुट्टीच्या आदल्या दिवशी दात पडला.
मला दाखवायला मूठ उघडली
आणि होडी हलली.
रडली नाही. विचारलं,
"माशाला आता किती दात झाले?"
बाईंना विचार, म्हणालो.
सुट्टी संपल्यावर उत्तर आलं:
एक जास्त.

ऑगस्टात टेकडीवर पळायची कवायत.
जमीन हलली तर पाण्याकडे बघत राहायचं नाही,
दप्तर टाकायचं, शेजारच्याचा हात धरायचा, चढायचं.
हे तिने माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.
"आणि होडी?"
"होडीपण टाकायची, तियो एलेआसार."
माझ्या आजोबांना हे सांगायला
तेव्हा पहिलीतलं कुणी नव्हतं.

सणाच्या नाचाला जोडीदार चौथीतला फेर्मिन.
"त्याच्या हाताला मासळीचा वास येतो,"
असं ती म्हणाली मला,
मासळीच्याच टोपल्यांमध्ये बसून.
सरावात रुमाल वाऱ्याने नेला
तेव्हा इंजिन पुसायचं फडकं डोक्यावर फिरवत
खाडी पार केली तिने.

मग ऑक्टोबरातली ती सकाळ. पाणी निवांत.
ती धक्क्यावरच थांबली,
होडीच्या अंगावर बोट धरून:
गो. लो. द्रि. ना.
पुन्हा एकदा. मग कपाळाला आठी.
"गोलोंद्रिना हवं ना? पाकोळी.
तियो, यातलं एक अक्षर गळालंय."

एकवीस वर्षं झाली, बापाने रंगवलं होतं.
किती बंदरांत कागद तपासले गेले, शिक्के बसले,
कुणी बोललं नाही. आणि मी,
मी दोनच हिवाळे शाळेत गेलो,
अक्षरं चेहऱ्याने ओळखतो, नावाने नाही.
म्हणालो, रंग संपला असेल.
तिने विचार केला.
"एका अक्षरापुरता?"

त्यानंतर तिचं वाचणं थांबेना.
डिझेलच्या डब्यावरची सूचना, जॅकेटवरचं लेबल,
आईसाठी ओहोटीचं वेळापत्रक:
"सहा वाजून चाळीस, आई, त्याआधी शेवाळ नाही."
आई मानेनेच हो म्हणायची
आणि बूट त्याच वेळी चढवायची.

डिसेंबरात शाळा सुटली.
प्रगतिपुस्तक तिने मला वाचून दाखवलं,
‘बडबड कमी करावी’ हे मात्र गाळून;
ते आईने सांगितलं नंतर.
मग दप्तरातून काढली पांढऱ्या रंगाची बाटली
आणि बाईंचा ब्रश, विचारून आणलेला.
मी तिला कमरेला धरून वाकवलं पाण्यावर.
दोन अक्षरांच्या मध्ये, वरच्या बाजूला,
किंचित कलतं, ते हरवलेलं अक्षर,
आणि त्याखाली, वहीत बाई काढतात तसं,
काकपद.

बंदरात लोक हसतात. हसोत.
जानेवारीत आसन रिकामं.
पोत्यामागे तिचं एक लाकूड राहिलंय.
मार्चपर्यंत ते कोरडं ठेवायचं,
समुद्रात, या असल्या होडीत,
म्हणजे काम आहे.