प्लॉट नंबर सत्तावीस

मी ट्रेसर होतो. नगररचना खात्यात एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या रेघांवर कापड अंथरून शाई फिरवली.
नाग नदी मी आधी कागदावरच पाहिली:
लाव्याच्या टेकड्यांतून निघते,
अंबाझरीत दम खाते,
महालाच्या कडेनं पूर्वेला,
पारडीच्या पलीकडे पिवळीला सोबत घेऊन
कन्हानकडे.
अख्खी नदी माझ्या टेबलावर दीड वीत.

परातेकाका म्हणत, "गाव मंग आलं बावा, पाणी आंधी."
सूत रंगवून धुवायला वाहतं पाणी लागे,
म्हणून माग काठाला, मागाभोवती घरं,
घरांभोवती भाजी, चुडीवाले, एक मारुती.
सोमवारी लाल, गुरुवारी निळं.
खालच्या मोहल्ल्यातल्या बाया
नदीचा रंग पाहून वार सांगत,
आणि त्या दिवशी हंडा घेऊन वर जात.

माझ्या वेळेला तिचा नाला झाला होता.
तो शब्दही मीच काढला,
लेटरिंगची पट्टी धरून, जरासा तिरका.
एक दिवस साहेब वाकून म्हणाले,
"एवढं वळण कायले पायजे? सरळ करून टाक."
ब्लेडनं खरवडलं. कापडाला छिद्र पडू दिलं नाही,
हात चांगला होता माझा.
वळणाच्या पोटातून सात प्लॉट निघाले.
त्यातला एक मी घेतला, हप्त्यानं.
वास्तूला बुंदी वाटली.

ती भादव्यात आली, रात्री तीनला.
आधी मोरीच्या जाळीतून,
मग मागच्या दारानं.
सिलिंडर तरंगत भिंतीला टण् टण् लागत होता.
प्रमिलेनं तांदळाचा डबा आणि पासबुकं उचलली,
आम्ही छतावर.

टॉर्च मारला तर पाणी सरळ जातच नव्हतं.
शेंड्यांच्या गेटाशी वाकलं,
आमच्या स्वयंपाकघरातून आरपार,
तेलंगांच्या गॅरेजला घासून परत नाल्यात.
तीच त्रिज्या. खरवडताना
बोटाखालून गेलेली.
"काय पाहून राह्यले तुमी?" प्रमिला ओरडली.
मी टॉर्च बंद केला.

गाळ काढायला नऊ दिवस लागले.
भिंतीवर रेघ राहिली, साडेचार फुटांवर,
लेव्हल लावल्यासारखी.
पुट्टी मारायला आलेला पोरगा विचारतो,
"काका, हे खरवडून टाकू?"
हातात त्याच्या पत्री.
मी चष्मा शोधतो आहे म्हणतो,
चष्मा माझ्या डोळ्यांवरच आहे.