तीस पावलं

पाचगावच्या माळावर, सकाळी सहा चाळीस.
टेम्पोच्या फाळक्यावर गोधडी, गोधडीवर दोन पंख,
एकेक साडेचार फूट.
मी पॅटर्नमेकर. उद्यमनगरात चौतीस वर्षं
ओतकामासाठी लाकडाचे नमुने कोरले
आणि प्रत्येक माप जरा मोठंच धरलं;
लोखंड थंड होताना अंग चोरतं म्हणून.
हे विमान तेवढं नेमक्या मापाचं.
याला आक्रसायचं नाही.

शेपटीपाशी दिलावर शिकलगार उकिडवा.
ग्राइंडरनं त्याचे कान हळूहळू खाल्ले,
पगाराच्या पावतीवर त्याची कुठं नोंद नाही.
आता त्याच्याशी बोलायचं ते हातानं,
नाहीतर अख्ख्या माळाला ऐकू जाईल असं.

दोन बॅटऱ्या, दोन स्विच, दोन रिसीव्हर,
दोन्ही अँटेना काटकोनात,
पंचावन्न सीसीच्या ठिणगीपासून सगळ्या वायरी हातभर लांब,
जावयाच्या घरी सासऱ्यानं बसावं तशा.
मुलगी म्हणाली, सगळं दोन-दोन कशाला?
तिला काय सांगू. अकरा किलो आहे,
ज्याच्या डोक्यावर पडेल त्याला एकदाच पुरेल.

काल रात्री मेनूत शेवटचा प्रश्न उरला होता :
सिग्नल तुटला तर?
होतं तसं धरून ठेवू, की सांगाल ते करू?
बराच वेळ पडद्याकडं बघत बसलो.
माझं सांगणं पोचणार नाही तेव्हा
तू काय करावंस,
हे मी आत्ताच ठरवायचं, जेवणानंतर, चष्मा पुसत.
इंजिन बंद. रडर थोडा डावीकडं.
उसाकडं नको, रस्त्याकडं नको,
पडीक रानावर गोल फिरत उतर.
थोरल्याला पुण्याला धाडताना
एवढंसुद्धा बोललो नव्हतो.

रेडिओची ताकद कमी करायचं बटण दाबून धरलं
आणि विमानाकडं तोंड करून मागं चालू लागलो.
पाच. रडर हलला, दिलावरचा हात वर.
दहा. हात वर.
पंधरा. पायाखाली खडा, तरी हात वर.
वीस.
हात नाही.
तळवा विमानाच्या पोटावर सपाट ठेवून
तो खाली बघत बसलेला,
ताप बघावा तसा.
मग दोन्ही हातांनी : या, या.

"हलतोय की रे बरोबर!" मी ओरडलो.
त्यानं माझं मनगट धरून
शेपटीखाली नेऊन टेकवलं.
कांडी मधोमध. रडर सरळ रेषेत, गप्प.
आणि आत, बोटांच्या पेरांना लागेल न लागेल अशी
एक बारीक थरथर.

"भांडाय लागल्यात दोघं," दिलावर म्हणाला,
बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात.
"एका रडरला दोन मोटरी. ही वढती, ती धरती.
वरनं शहाण्यागत उभारल्यात.
आतनं बॅटरी पित्यात."

मी पट्टीनं मापलं होतं. पट्टीला ते दिसलं नव्हतं.
त्यानं रॉडचं टोक सोडवलं, अर्धा आटा फिरवला,
लावलं. तळवा.
मान हलवली. पाव आटा मागं.
तळवा.
डोळे मिटून बसला तेवढा वेळ
एक टिटवी ओरडत गेली, त्याच्याशिवाय सगळ्यांसाठी.
मग अंगठा वर.
मीटर लावून बघितलं मी, खोटं कशाला सांगू :
चारशेवर होता आकडा, नव्वदवर आला.

तोवर कात्यायनीच्या डोंगराकडून वारा सुटला.
जुन्या लेंग्याच्या पायाचा केलेला वारेदर्शक
काठीवर आडवा ताठ.
खालच्या रानात ऊस एका अंगाला.
दिलावरनं बोट वर धरलं, तळवा आडवा फिरवला :
आज नको.
खरं आहे. आज नकोच.

तरी राहिलेली पावलं चालून घेतली.
पंचवीस. तीस.
इथून विमान एवढंसं दिसतं, आणि शेजारी
त्याहून थोडा मोठा दिलावर.
कांडी उजवीकडं लोटली.
पलीकडं रडर हलला, हात वर गेला.

तपासणी संपली होती.
मी पुन्हा लोटली.
पुन्हा हात.