जड पाणी

रुक्मा गावसच्या रक्तातून वेगळं केलेलं प्रतिपिंड
तीन महिने उणे ऐंशीत निजून होतं.
आज ते बर्फावर उतरवलं, बांबोळीच्या पठारावर,
वीज जाऊन आल्यानंतर.
इनासियो खालून ओरडला, जनरेटर चालू आहे बाई,
तरी देवाचं नाव घ्या.

काम तसं सोपं.
माकडतापाच्या विषाणूचं एक प्रथिन,
त्यावर हे प्रतिपिंड बसू द्यायचं
आणि दोघांना जड पाण्यात सोडायचं.
दिसायला पाणीच. चवीला, म्हणतात, किंचित गोड.
फक्त त्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा, आगाऊ,
उघड्या जागी शिरतो,
हलक्याला उठवून त्याच्या पाटावर बसतो.
जिथे कुणी घट्ट धरलेलं असतं
तिथे त्याला वाट मिळत नाही.

दहा सेकंद. एक मिनिट. दहा मिनिटं. तास.
मग आम्ल, बर्फ, थांब.
पेप्सिन तुकडे करतं,
जे आपल्या पोटात बांगड्याचे करतं तेच.
सुईच्या टोकातून तुकडे फवारतात,
निर्वातात उडतात, यंत्र एकेकाला तोलतं.
सोनारानं लाजावं असं तोलणं,
आणि शोधायचं काय,
तर कोण भिजला नाही.

मी रक्त घ्यायला म्हाऊसला गेले तेव्हा
काजूचा हंगाम सरत आला होता,
भाटीवर शेवटचं रटरटत होतं.
बागायतीत आधी माकडं मरून पडली, मग गोचीड चावले,
मग बाराव्या दिवशी तिचा नवरा गेला.
ती त्याच तापातून उठून बसलेली.
हात उन्हानं रापलेला, काजूच्या तेलानं सोललेला,
मनगटावर मात्र एक फिकट पट्टा,
नुकत्याच उतरवलेल्या बांगड्यांखालचा,
पंचवीस वर्षं ऊन न लागलेला.
मी शीर शोधत होते आणि तिथेच बघत होते.
"कितलें घेतलें गो? एक पेलो हुर्राक येतलो?"
ती हसली.
मी बूच नीट लागलं का ते पाहिलं.

रात्री साडेदहाला आलेख उलगडला.
सगळे तुकडे वाट पाहिल्यासारखे जड झालेले.
एक नाही.
दहा सेकंदांना हलका, तासानंतरही हलका.
चार डाल्टननं.
तिथे. तिथे धरलं होतं तिनं.
"चार म्हणजे किती?" इनासियोनं विचारलं,
"एका काजूबीच्या हिशेबात?"
मी कागदावर शून्यं मांडायला घेतली
आणि दुसऱ्या ओळीत सोडून दिली.

रविवारी म्हाऊसला जायचंय. सांगायचंय.
ती ऐकून घेईल, मग विचारेल,
"मागीर म्हज्या घोवाच्या रगतान ताका कित्याक धरूंक ना?"
त्याची नळी कुणी भरलीच नव्हती.
वाळपईहून रात्री आणला, पहाटे संपला,
आमच्या यादीत तो क्रमांकसुद्धा नाही.

आलेखाची छापील प्रत पिशवीत आहे.
म्हापशाच्या बाजारातून काचेच्या बांगड्या घ्याव्यात का,
हे गाडी वळवताना मनात आलं.
माप मला डोळ्यांनी ठाऊक आहे.