एकास बारा

कागदावर जमीन सपाटच असते.
चायेलीच्या वरची आमची पट्टी मी टेबलावर पसरली,
चार कोपऱ्यांवर चहाचे चार पेले ठेवले
आणि पेन्सिल जरा सोडली, तर ती गडगडत
थेट आईच्या मांडीत.
जुन्या घराची फरशीसुद्धा समुद्राकडे कललेली,
हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

वर रस्ता, खाली ओढा,
मध्ये चहाच्या एकेचाळीस ओळी.
आई मीटर मोजत नाही, ओळी मोजते.
स्वयंपाकघराला किती? चार.
न्हाणीला? दीड.
"अर्धी ओळ कशी उपटतात
ते एकदा दाखव मला, हाजेर."

मी समजावलं: उताराचं घर दोन दारांचं.
वरचा मजला रस्त्याला टेकेल, खालचा ओढ्याकडे उघडेल,
आणि दोघांनाही वाटत राहील
की तळमजला आपणच.
डोंगराकडच्या भिंतीमागे खडी, खडीत भोकांचा पाइप.
ह्यावर मात्र आईने लगेच मान हलवली.
नुरियेच्या गोठ्याने पाणी अडवलं होतं,
तर पाणी एका रात्रीत गोठा घेऊन गेलं,
दावणीसकट.

याशारची खोली वर, रस्त्यालगत.
सगळ्यांचं एकमत. झेकेरिया मामाचं,
गवंड्याचं, त्याच्या चहा पिणाऱ्या पोऱ्याचंही.
याशार चाकाच्या खुर्चीत चेस्टनट सोलत बसलेला.
दोन वर्षांमागे पाऊस चढून आला होता, घाई होती,
आणि पोती वर नेणाऱ्या तारेवर
पोत्याच्या जागी तोच बसला.
एवढंच. त्याबद्दल आमच्याकडे जास्त बोलत नाहीत.
त्याच्याआधी दोन मुलं गेली म्हणून
ह्याचं नाव 'जगतो' असं ठेवलेलं,
तेवढं नावाने पाळलं.

"छान," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही खाली जेवाल
आणि मला वर मासळीचा वास येईल."

मग कुणी काही बोललं नाही.
मामाने उगाच पेल्यात साखर घातली.

मी नकाशाच्या पाठीवर आकडे मांडले.
एक चढायचं तर बारा चालायचं,
त्याहून खडा रॅम्प हातांना झेपत नाही.
वरून खाली तीन मीटर,
म्हणजे रॅम्प छत्तीसचा,
आणि आमची पट्टी रुंदीला चौदा.
जिना खोडला.
कागद तिथे झिजला, मागचा पेला दिसू लागला.
मग आधी वाट काढली, दोन वळणांची,
आणि खोल्या तिच्या कडेकडेने बसवत गेले,
जशा येतील तशा:
एक तिरकी, एक त्रिकोणी खिडकीची,
स्वयंपाकघर खालच्या वळणाच्या पोटात.
मामाची पाहुण्यांची खोली राहिलीच.
"घर आहे की गोगलगाय?" तो म्हणाला
आणि टोपी न घेता निघून गेला.
टोपी अजून खुंटीवर आहे.

"किती ओळी?" आईने विचारलं.
अकरा, मी म्हटलं.
तिने पेल्याखालचा कागद सोडवला,
उलटा धरला, सुलटा धरला,
आणि म्हणाली, त्या अकराची शेवटची तोडणी
होऊ दे. पानं चांगली आहेत यंदा.

आज पाण्याच्या नळीने सपाटी बघतोय.
नळीचं एक टोक वर, रस्त्यावर, याशारच्या हातात.
दुसरं खाली, चहात, लांब काठीला बांधलेलं,
काठी धरून आई, मान पार मागे टाकून,
डोक्यावर कित्येक हात उंच
ते पाणी शोधते आहे
जे वर तिच्या मुलाच्या छातीशी आहे.
मी मध्ये, नळीला पीळ पडू नये म्हणून.
बुडबुडे एकेक करून निघतात.
"आलं का बरोबर?" ती खालून ओरडते.
"थांब," याशार म्हणतो, "अजून हलतंय."